बेदाणा पोरांनी खाल्ला, फोक मण्यानं

पत्र

ताई, नमस्कार.

आम्ही तासगाव तालुक्यात मळ्यात राहतो. घरात मी, मिस्टर, सासूबाई, दहा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि मण्या. मण्या गावठी कुत्रा, चार वर्षांचा. पिल्लू असताना मुलीनंच बांधावरून उचलून आणलेला. पोरं हाताबाहेर चाललीत अशी भीती वाटते, म्हणून लिहितेय.

बेंदराला बैलांची शिंगं रंगवून थोडा ऑईलपेंट उरला होता. तो दोघांनी मण्याच्या पाठीला फासला, कपाळाला कागदी बाशिंग बांधलं, गळ्यात घुंगरांची माळ घातली आणि पलीकडच्या वस्तीपर्यंत वाजतगाजत मिरवणूक नेली. ताशा म्हणून माझं स्टीलचं पातेलं. पातेल्याला पोचे आलेत आणि वस्तीवर अजून लोक मला बघून हसतात. रंग अजून मण्याच्या अंगावर तसाच आहे.

ते होतंय तोवर, कोल्ड स्टोरेजमधून नमुन्याला आणलेली बेदाण्याची पिशवी निम्मी रिकामी निघाली. मुलगी म्हणाली भावानं खाल्ला. भाऊ म्हणाला मण्यानं खाल्ला. सासूबाईंनी मण्याला फोकानं झोडपलं. पुढं चार दिवसांनी धाकट्यानं कबूल केलं की रोज दुपारी एक मूठ तो खायचा आणि एक मूठ मण्याला द्यायचा. खोटं बोलायला ही पोरं शिकली कुठं?

आता मण्याही बिघडलाय. परवा मुलगा त्याच्या ताटलीपाशी गेला तर गुरगुरला. परत मार खाल्ला. सासूबाई म्हणतात, नेऊन बेदाण्याच्या शेडवर बांधा. मिस्टरांनाही पटलंय. मुलगी धड जेवत नाही. धाकटा मात्र म्हणतो, "चालतंय की." पोरांना शिस्त कशी लावू ते सांगा.

— एक आई, तासगाव तालुका

उत्तर

सप्रेम नमस्कार.

मिरवणुकीवर तुम्ही अख्खा परिच्छेद लिहिलात आणि मण्याला मिळालेल्या मुठीवर अर्धी ओळ. मी उलटीकडून सुरुवात करते, कारण मुठीचं काम आजचं आहे. शिस्तीचं चार दिवसांनी बघितलं तरी काही बिघडत नाही.

द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याला विषासारखा बाधू शकतो. तासगावात बसून हे वाचताना हसू येईल, ठाऊक आहे. शेडवरची कुत्री खाली सांडलेला माल खातात आणि मजेत हिंडतात, असं कुणीही सांगेल. काही कुत्र्यांना खरंच काही होत नाही. पण कुठल्या कुत्र्याला बाधेल आणि किती खाल्ल्यावर, हे आधी कुणालाच सांगता येत नाही. अमुक इतके दाणे चालतात असं सुरक्षित प्रमाण कुठल्याही डॉक्टरकडे नाही. ज्याला बाधतं त्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल यामागं असावं, असं २०२१ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी मांडलं आणि आता बहुतेक डॉक्टर तेच धरून चालतात. हे आम्ल माणसाला त्रास देत नाही, पण कुत्र्याच्या मूत्रपिंडाला ते बाहेर टाकणं जमत नाही. चिंचेतही तेच आम्ल असतं, तेव्हा परसात चिंचेचं झाड असेल तर तिकडंही लक्ष असू द्या. बेदाण्याचं प्रकरण ओल्या द्राक्षापेक्षा जड, हे तर तुम्हीच मला सांगाल. चार किलो द्राक्षाचा जेमतेम किलोभर बेदाणा होतो. म्हणजे तुमच्या धाकट्यानं मण्याला दुपारी जी मूठ दिली, ती वजनानं चार मुठी द्राक्षांची.

बाधलं तर दिवसभरात उलटी होते. मग मरगळ, खाणं टाकणं, कधी जुलाब. पुढच्या दोन-तीन दिवसांत लघवी कमी होते किंवा थांबतेच. मण्या ताटलीवर हक्क सांगून गुरगुरतोय, म्हणजे भूक शाबूत आहे आणि बहुधा तो यातून निभावला आहे. तरी बहुधावर राहू नका. जनावरांच्या दवाखान्यात नेऊन त्याच्या रक्तातलं क्रिएटिनिन आणि युरिया बघून घ्या, मूत्रपिंडं नीट चालतात का ते त्यावरून कळतं. रक्ताची सोय गावात नसेल तर तासगावला, नाहीतर सांगली-मिरजेला. पुन्हा कधी असं काही खाल्लं, तर उलटी काढायला घरी मिठाचं पाणी पाजू नका, मीठच त्याच्या अंगावर उलटतं. पहिल्या तास-दोन तासांत डॉक्टरांपर्यंत पोचलात तर ते औषध देऊन उलटी करवतात, आणि तेवढ्यावर पुष्कळदा भागतं. कांदा, लसूण, चॉकलेट आणि बिनसाखरेचं च्युइंगम हेही त्याच्यासाठी वर्ज्य. कांदा घालून केलेल्या कालवणात भाकरी कुस्करून घालायची पद्धत आपल्याकडं सर्रास आहे, ती मोडा.

आता शेडवर बांधायचा तोडगा बघा. आत्ता पावसाळ्यात शेड मोकळं असेल. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये रॅकवर माल चढला, मग पंधरा-वीस दिवसांनी रॅक झाडायला घेतले की ताडपत्रीच्या कडेनं, पायाखाली, मण्याच्या नाकासमोर काय पडलेलं असेल? बेदाणा खाल्ल्याची शिक्षा म्हणून तुम्ही त्याला बेदाण्याच्या राशीत नेऊन बांधणार. शिवाय तिथं कामाला येणाऱ्या बायकांची लहान पोरं दिवसभर खेळत असतात. साखळीला जखडलेलं, माणसांपासून तोडलेलं कुत्रं हळूहळू कडवट होत जातं, आणि ते कडवटपण निघतं जवळ येणाऱ्या लहान पोरावर. तुमच्या घरातला धोका दुसऱ्याच्या पोराच्या वाट्याला घालून मोकळं व्हायचं, असा तो हिशेब होतो. मिस्टरांना एवढंच सांगा. बागायतदार माणूस आहे, शेडवर काय घडू शकतं हे त्यांना पुढं समजावावं लागणार नाही.

गुरगुरण्याबद्दल. मण्या बिघडलेला नाही. त्याच्या खात्यावर काय जमा झालंय ते बघा: न केलेल्या चोरीचा मार, अंगावर ओढ बसवणारा वाळका रंग, आणि रोज बेदाण्याची मूठ घेऊन येणारा सहा वर्षांचा दोस्त, जो एके दिवशी मोकळ्या हातानं थेट त्याच्या ताटलीपाशी आला. त्यानं दात लावले नाहीत. नुसतं "लांब हो" म्हणाला, त्याच्याकडं जी भाषा आहे त्या भाषेत. त्याबद्दल परत मारलंत तर पुढच्या वेळी तो बोलायचं सोडून देईल आणि सरळ चावेल. मग लोक म्हणतात, काही कारण नसताना डसलं. कारण असतं, ते सांगायची वाट आपण काठीनं बंद केलेली असते.

गुरगुरण्याच्याही आधी कुत्रं पुष्कळ काही सांगतं, आणि दहा वर्षांची मुलगी ते सहज शिकते. तोंड फिरवून घेणं. काही खाल्लेलं नसताना ओठ चाटणं. झोप आलेली नसताना जांभई. डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसू लागणं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे अंग एकदम ताठ करून जागच्या जागी थबकणं, त्या क्षणाला हात मागं. शेपूट हलतेय म्हणजे खूश आहे, हेही धरून चालू नका. ताठ, उंच धरलेली शेपूट थरथरत हलते तेव्हा मामला वेगळा असतो. आणि गळ्यात पडून मिठी मारणं माणसाच्या पोरांना आवडतं, कुत्र्यांना बहुतेक वेळा नाही, ती सोसतात. मुलीला हे सगळं शिकवा आणि मग धाकट्याला शिकवायचं काम तिच्याकडं द्या. ताईगिरी करायला कायदेशीर जागा मिळाली की बाकीची ताईगिरी कमी होते.

ताटली मात्र आजच हलवा. सोप्याच्या वाटेवर, चपलांच्या शेजारी असेल तर परसदारी एका कोपऱ्यात न्या, जिथून कुणाची ये-जा नाही. मण्या खात असताना, झोपलेला असताना, बांधलेला असताना त्याच्याकडं कुणी जायचं नाही. कुणी म्हणजे सासूबाईसुद्धा. सहा वर्षांचं पोर आणि कुत्रं दोघंच एकत्र कधीच नकोत, कुत्रं कितीही गरीब असलं तरी.

आता तुमचा प्रश्न, खोटं कुठून शिकली. मला यात खोटं फारसं दिसत नाही. मुलगी म्हणाली भावानं खाल्ला, खरं. भाऊ म्हणाला मण्यानं खाल्ला, तेही खरं. दोघांनी आपापल्या सोयीचा निम्मा भाग सांगितला, आणि पंचायतीला बसलेल्या मोठ्या माणसांनी दोन्ही निम्मे जोडून न बघता चोर सोडून संन्याशाला फोक लावला. "कुणी केलं?" हा प्रश्नच असा आहे की सहा वर्षांचं पोर त्यातून फक्त सुटायची वाट बघतं. त्याऐवजी "मण्याला किती दिलंस रे?" असं सहज विचारलं असतंत तर त्याच दिवशी कळलं असतं, आणि मण्याला दवाखान्यात न्यायला चार दिवस उशीर झाला नसता.

ते चार दिवस मला मिरवणुकीपेक्षा, बेदाण्याच्या नुकसानीपेक्षा जास्त बोचले. कारण उद्या खेळताना मण्याचा दात धाकट्याच्या बोटाला लागला, नुसता ओरखडा आला, तर तो तुम्हाला सांगेल का? कशाला सांगेल? सांगितलं की मण्याला मार, स्वतःला ओरडा, ताई चिडणार आणि मण्या शेडवर. तो बाहीत हात लपवेल. पिसाळीचं दुखणं, म्हणजे रेबीज, एकदा अंगात उमटलं की त्यावर इलाज नाही, आणि वेळेवर लस घेतली तर ते जवळजवळ पूर्ण टळतं. सगळा खेळ पोरानं घरी येऊन सांगण्यावर आहे. म्हणून तुमच्या घरात खरं बोलणं स्वस्त झालं पाहिजे. ते संस्कार वगैरे सोडा, जिवासाठी.

सांगितलं तर काय करायचं तेही लिहून ठेवते. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरचीची पूड, काही भरायचं नाही. तसंच उठून प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जायचं, लस तिथं मोफत मिळते. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत वेगळं इंजेक्शन द्यावं लागतं, ते नसेल तर सांगलीच्या सिव्हिलला पाठवतात, तिथं जायचंच. पोटात चौदा इंजेक्शनं हा जुना काळ झाला. आता दंडात देतात, चार किंवा पाच वेळा, तारखा कार्डावर लिहून देतात आणि त्या चुकवायच्या नाहीत. कुत्रं घरचं आहे, लस टोचलेली आहे, तरी डॉक्टरांना दाखवायचं आणि दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवायची. मण्याला दरवर्षी पिसाळीची लस टोचता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. रक्त तपासायला न्याल तेव्हा तेही उरकून घ्या.

धाकट्याच्या "चालतंय की"वर जरा थांबते. तुम्हाला ते दगडाचं काळीज वाटलेलं दिसतंय. मला वाटतं, त्यात दोन गोष्टी आहेत. एक तर पोर घाबरलंय. ज्याला रोज खाऊ दिला तोच आपल्यावर गुरगुरला, हे सहाव्या वर्षी फार लागतं आणि सांगता येत नाही. दुसरं, मण्या कुणाचा? पिल्लू उचलून आणलं ताईनं, नाव ठेवलं बहुतेक ताईनं, हाक मारली की पळतो ताईकडं. मण्या आला तेव्हापासून धाकटा त्याचा दुय्यम मालक. दुपारी ताई शाळेत किंवा अभ्यासात असताना पिशवीतून मूठभर बेदाणा काढून मण्याला चारायचा, हा त्याचा ताईच्या माणसाला फोडून आपल्याकडं वळवायचा डाव होता. राजकारण सांगलीच्या मातीतच आहे, त्याला तुम्ही काय करणार! डाव जमत आला होता आणि शेवटी पक्ष गुरगुरला. मग पक्षच नको, चालतंय की.

म्हणून त्याला मण्यावर त्याचा स्वतःचा हक्क द्या. पाण्याचं भांडं त्याचं. सकाळ-संध्याकाळ धुऊन भरायचं, मण्या लांब असताना, तुम्ही किंवा आजी शेजारी असताना. भाकरी ताईनं घालायची, तीही मोठ्या माणसासमोर. गोचीड बघणं, ब्रश करणं ताईचं. लसीची तारीख कॅलेंडरवर लिहिणं आणि आठवण करणं धाकट्याचं. अक्षर नुकतं आलंय, भिंतीवर मोठ्ठं लिहिलं तरी लिहू द्या. भीती जायला महिना जाईल, दोन जातील. जबरदस्तीनं हात फिरवायला लावू नका, "बघ, काय करत नाही" म्हणत पुढं ढकलू नका.

शिक्षा? बेदाण्याची किंमत दोघांकडून काढून घ्या हवी तर. कोल्ड स्टोरेजच्या नमुन्याला पैसे पडतात हे कळलेलं बरं. पातेल्याचा पोचा ताईच्या खात्यावर, कारण ताशा तिनंच वाजवला असणार. मण्याला शेडवर नेणं ही मात्र पोरांची शिक्षा म्हणून वापरू नका. त्यातून मुलगी एवढंच शिकेल की आपण काही केलं की आपल्या आवडीचं माणूस घरातून जातं.

मिरवणुकीत मला गुन्हा दिसत नाही, रंग सोडला तर. आषाढात सगळी वस्ती बैल सजवतेय, झूल, गोंडे, हुरमुंज, पुरणपोळीचा निवद, आणि या पोरांच्या हाती बैल नाही, मण्या आहे. पोरांनी त्याला मान दिला. बाशिंग, माळ, ताशा, सगळं रीतीप्रमाणं. मला तर बघायला आवडलं असतं. पण ऑईलपेंट बैलाच्या शिंगावर बसतो तसा कातडीवर चालत नाही. कुत्रं अंग चाटतं आणि रंग पोटात जातो. जो अजून ओलसर, चिकट असेल तिथं खायचं तेल चोळून सैल करा आणि मग सौम्य साबणानं धुवा. वाळून बसलेले केस कात्रीनं बेतानं कापून टाका, परत येतात. रॉकेल, टर्पेंटाइन, थिनर अजिबात लावू नका, ते रंगापेक्षा वाईट. पुढच्या बेंदराला कापडाची छोटी झूल शिवून द्या, मिरवणूक अंगणातल्या अंगणात, आणि मण्या कंटाळला की त्याची सुट्टी. ताशा नको, कुत्र्याच्या कानाला पातेलं फार मोठं लागतं.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांच्याशी तुम्ही वाद घालू नका, हरलात तरी पंचाईत आणि जिंकलात तर त्याहून मोठी. रक्त तपासायला जाताना त्यांना बरोबर न्या. मण्याला का गुरगुरावं वाटलं, बेदाणा का नको, मारायचं का नाही, हे त्यांच्यासमोर डॉक्टरांना विचारा आणि डॉक्टरांच्या तोंडून वदवून घ्या. घरी आल्यावर पोरांना ते सांगायचं काम त्यांच्यावरच सोपवा. बघा, आठ दिवसांत वस्तीभर त्याच सांगत सुटतील की कुत्र्याला बेदाणा घालू नये. आणि "कुत्र्याचे कसले एवढे लाड" असं म्हणाल्याच, तर सातारकर छत्रपती शाहू महाराजांचा खंड्या सांगा. त्यानं महाराजांना वाघापासून वाचवलं असं सांगतात, आणि त्याची समाधी संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर आहे. दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांनी जाऊन या. पोरांना बरोबर घेऊन, मण्याला घरी ठेवून.

रक्ताचा रिपोर्ट आला की आकडे कळवा. क्रिएटिनिन वाढलेलं निघालं तर मला पत्र लिहिण्यात वेळ घालवू नका. तुमच्या डॉक्टरांना सांगून सातारा जिल्ह्यात शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवता येईल का ते विचारा. तोवर पाणी भरपूर, आणि बेदाण्याची पिशवी फडताळाच्या वरच्या कप्प्यात, कुलूप लावून. किल्ली धाकट्याला सापडेल अशा जागी ठेवू नका.